दोन ठिकाणी दोन आकडे : शाळकरी मुलांना संशोधन शिकवायला सुरुवात कशी करावी

शाळेतल्या प्रकल्पाची वाट ठरलेली असते. सर विषय देतात. मूल तो मोबाइलवर टाकतं, वर आलेली पहिली दोन-तीन पानं उतरवून काढतं किंवा नेट कॅफेतून प्रिंट आणतं, मुखपृष्ठावर स्केचपेनने वेलबुट्टी काढतं आणि गुण मिळतात. यात मुलाचा काही दोष नाही. 'अमुक विषयाची माहिती गोळा करा' असं आपणच सांगितलं होतं, तेवढं त्यानं केलं.

आठवी-नववीच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या आणि मुलांना माहिती शोधायला, पारखायला, वापरायला शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : दोन ठिकाणची माहिती एकमेकांशी जुळत नाही असं दिसलं की मूल खऱ्या अर्थाने संशोधन करू लागतं. तोवर ते फक्त नक्कल करत असतं. त्यामुळे अशी न जुळणारी माहिती मुलांसमोर मुद्दाम येऊ द्यायची आणि ती का जुळत नाही हे त्यांनाच शोधायला लावायचं. आठवड्याला एक तास धरला तर साधारण दीड-दोन महिन्यांत हे होतं.

पायरी 1 : विषय जवळचा निवडा, आणि आधी स्वतः शोधा

लातूर-धाराशिवकडच्या शाळांना मी किल्लारीचा भूकंप सुचवतो. 30 सप्टेंबर 1993, गुरुवार, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. या विषयात तीन सोयी आहेत. घरोघरी तो आठवणारं कुणीतरी आहे. त्यावर सरकारी अहवाल, शास्त्रज्ञांचे लेख, वर्तमानपत्रं असं भरपूर लिहिलेलं सापडतं. आणि त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

तुमची शाळा दुसरीकडे असेल तर तिथलं काही घ्या. साताऱ्याकडे कोयनेचा 1967 चा भूकंप आहे, पुण्यात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आहे. मुंबईत 26 जुलै 2005 घ्या : सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नाही. 'मग मुंबईत पाऊस किती पडला?' असं एखादी मुलगी विचारेलच, आणि तिथून पुढचा अख्खा तास तिचा असतो.

विषय ठरला की एक संध्याकाळ काढून स्वतः चार-पाच स्रोत वाचा आणि कुठे काय जुळत नाही त्याची यादी करा. ही यादी मुलांना दाखवायची नाही. ती तुमच्यासाठी आहे. मुलं कुठे अडतील आणि कुठे त्यांना थोडा धक्का द्यावा लागेल, ते तिच्यावरून कळतं.

पायरी 2 : विषयाचा प्रश्न करा

'किल्लारी भूकंपाची माहिती लिहा' हे काम फार मोठंही आहे आणि फार सोपंही. एका तासात मुलांना फक्त प्रश्न विचारू द्या आणि ते सगळे फळ्यावर लिहा. गाळू नका. मग त्यांचे ढीग पाडा. काहींचं उत्तर एका ओळीत मिळतं : भूकंप कधी झाला? काहींना चार ठिकाणांहून जुळवाजुळव करावी लागते : घरं एवढी का पडली? काहींचं उत्तर या तासाला मिळणार नाही : आमच्याच गावावर का आलं हे? असा प्रश्न आला तर हसू देऊ नका आणि पुसूही नका. वहीत राहू द्या.

दुसऱ्या ढिगातला एकेक प्रश्न चार-चार मुलांच्या गटाला द्या. मला उपयोगी वाटणारे काही प्रश्न असे : मोठ्या दगडी भिंतींची घरं आणि साधी झोपडी यांत काय टिकलं आणि का? बावन्न गावं नव्या जागी हलवली, ती जागा कशी ठरली? मोठ्या भूकंपाच्या आधी वर्षभर हादरे बसत होते असं आजोबा सांगतात, त्याची कुठे नोंद आहे का? शेवटचा प्रश्न मला विशेष आवडतो. 1992 मध्ये या भागात लहान धक्के बसल्याच्या नोंदी खरोखरच आहेत. आजोबांची आठवण कागदावर सापडली की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पायरी 3 : शोधायचं काय लिहून?

यावर एक पूर्ण तास द्या. मुलं शोधाच्या चौकटीत अख्खं वाक्य टाकतात आणि जे पहिलं येईल ते घेतात. त्यांना त्याच गोष्टीची वेगवेगळी नावं लिहून काढायला सांगा. आपल्याकडे लोक 'किल्लारीचा भूकंप' म्हणतात, इंग्रजी कागदपत्रांत तोच 'लातूर भूकंप' होतो. जुन्या अहवालात जिल्हा उस्मानाबाद असतो, नव्या बातमीत धाराशिव. एकच नाव टाकणाऱ्याला अर्धेच कागद दिसतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती मुलांना स्पष्ट सांगा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जालावर सर्रास आहेत, त्यामुळे 'भूकंप' आणि 'भुकंप' दोन्ही शोधावं लागतं. 'पुनर्वसन', 'स्थलांतर', 'नवीन गावठाण' हे तीन शब्द तीन वेगळ्या प्रकारचे लेख समोर आणतात : पहिला सरकारी, दुसरा वर्तमानपत्री, तिसरा गावकऱ्यांच्या बोलण्यातला. इंग्रजी येत नाही म्हणून मुलं मागे राहत असतील तर इंग्रजी शोधशब्दांची छोटी यादी तुम्हीच फळ्यावर लिहून द्या. शब्द देणं म्हणजे उत्तर देणं नव्हे.

प्रत्येक गटाने कुठले शब्द टाकले आणि कशाने काय सापडलं ते वहीत लिहायचं. जे शोधून काही मिळालं नाही, तेही.

पायरी 4 : पुस्तकाच्या मागच्या बाजूला

शाळेच्या ग्रंथालयात किंवा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मुलांना घेऊन जा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानावर चालणारी वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत, आणि तिथल्या ग्रंथपालांना कुणी शाळा घेऊन आलं तर मनापासून आनंद होतो. दोन दिवस आधी विषय कळवून ठेवा म्हणजे ते पुस्तकं काढून ठेवतील.

इथे दोनच गोष्टी शिकवायच्या. एक, शेवटची सूची वापरायची, पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही. दोन, आत शिरण्याआधी प्रकाशनाचं वर्ष बघायचं.

वर्ष का बघायचं, हे सांगून पटत नाही. दाखवावं लागतं. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा एका जुन्या आणि एका नव्या पुस्तकातून शोधायला सांगा. जुन्यात पाच झोन आहेत आणि किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये आहे. 2002 साली भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक बदललं, पहिला झोन काढून टाकला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. दोन्ही नकाशे छापले तेव्हा बरोबरच होते. जुन्या पुस्तकाला 'चुकीचं' म्हणणाऱ्या मुलाला थांबवा आणि 'ते कधीचं आहे?' एवढंच विचारा.

मराठी विश्वकोशाच्या बाबतीतही हेच. तो जालावर मोफत वाचता येतो, भाषा थोडी जड असली तरी माहिती नेमकी असते, आणि भूकंप म्हणजे काय हे समजून घ्यायला मी मुलांना आधी तिकडेच पाठवतो. पण त्याचा पहिला खंड 1976 साली आला आणि पुढचे खंड कित्येक वर्षं येत राहिले. 1993 च्या आधी लिहिलेल्या नोंदीत किल्लारी सापडणार कशी?

पायरी 5 : तफावतीचा तक्ता

सगळ्या कामाचा कणा हाच. वहीचं आडवं पान घ्यायचं आणि पाच रकाने आखायचे : काय म्हटलं आहे, कुठे म्हटलं आहे, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्यांना हे कसं कळलं असेल. शेवटचा रकाना मुलांना सगळ्यात अवघड जातो. तो रिकामा सोडू द्या, पण त्यात रेघ मारू देऊ नका.

पहिली तफावत तारखेची. आपल्याकडे सगळे 30 सप्टेंबर म्हणतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, म्हणजे यूएसजीएसच्या, नोंदीत 29 सप्टेंबर असतं. वर्गात लगेच दोन पक्ष पडतात, आणि बहुतेक जण 'त्यांनी चूक केली' म्हणतात. मग वेळेचा रकाना बघायला सांगा : तिथे 22 वाजून 25 मिनिटं आहेत. ही जागतिक प्रमाण वेळ. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे 3:55, आणि सेकंद धरले तर 3:56. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ मुलं भूगोलात शिकलेली असतात, ते ज्ञान इथे अचानक कामाला येतं. कोयनेच्या भूकंपाचंही असंच आहे : आपला 11 डिसेंबर, जागतिक वेळेत 10 डिसेंबर. दोन्ही बरोबर असूनही दोन तारखा असू शकतात, हा धडा कुठल्याही व्याख्यानापेक्षा पक्का बसतो.

दुसरी तफावत तीव्रतेची. कुठे 6.2, कुठे 6.4. वर्तमानपत्रं सरसकट 'रिश्टर' लिहितात, पण रिश्टर यांनी 1935 मध्ये मांडलेलं माप कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, तिथल्या यंत्रांवर बेतलेलं होतं. नंतर भूपृष्ठावरच्या लहरींवरून काढलेलं, खोलातल्या लहरींवरून काढलेलं, आणि आज मोठ्या भूकंपांसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं आघूर्ण परिमाण अशी वेगवेगळी मापं आली. एकाच भूकंपाला प्रत्येक मापात थोडा वेगळा आकडा येतो. नववीच्या मुलाला ही गणितं कळायची गरज नाही. आकड्याशेजारी मापाचं नाव लिहिलेलं नसेल तर तो आकडा अपुरा आहे, एवढं कळलं की झालं.

तिसरी तफावत मृतांची, आणि इथे आवाज खाली आणा. 7,928 हा राज्य सरकारचा म्हणून दिला जाणारा आकडा. अनेक ठिकाणी 9,748 दिसतो. कुणी नुसतंच 'दहा हजार' लिहितं. पहिल्या काही दिवसांतल्या बातम्यांत आकडा रोज बदलतो, कारण ढिगारे अजून उपसले जात असतात. इथे 'खरा आकडा कुठला?' याचं उत्तर तुम्ही देऊ नका. मुलांना असं लिहायला शिकवा : 'सरकारी नोंदीनुसार इतके, अमुक स्रोतात तितके.' संशोधन करणारी मोठी माणसंही असंच लिहितात. 'दहा हजार' का लिहू नये, हेही बोला. गोल आकड्यात मोजदाद दिसत नाही, आणि ही माणसं आहेत.

आणखी एक गोष्ट तक्त्यात आपोआप येते. माकणीच्या धरणामुळे, म्हणजे निम्न तेरणा प्रकल्पातल्या पाण्यामुळे भूकंप झाला, असं गावात ठामपणे सांगितलं जातं. काही शास्त्रज्ञांनी ही शक्यता अभ्यासली, काहींना ती पटली नाही. 'शक्यता मांडली', 'पुरावा सापडला', 'सर्वमान्य झालं' हे तीन शब्दप्रयोग फळ्यावर लिहा आणि प्रत्येक गटाला आपलं विधान कुठल्या खाली बसतं ते ठरवू द्या. गावातल्या माणसाला मूर्ख ठरवायचं नाही. त्यानं जे ऐकलं ते कुठून आलं असेल, हेही शोधण्यासारखं आहे.

पायरी 6 : माणसांना विचारताना

घरच्या आणि शेजारच्या माणसांकडून ऐकणं हा या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. तो सगळ्यात नाजूकही आहे. या भागात कित्येक घरांनी एका पहाटेत चार-चार माणसं गमावली. म्हणून मुलाखतीआधी काही गोष्टी पक्क्या करा. आधी परवानगी, आणि नाव लिहू का हे वेगळं विचारायचं. 'तुमच्या घरी कोण गेलं?' हा प्रश्न मुलांनी कधीच विचारायचा नाही. सांगणाऱ्याने स्वतःहून सांगितलं तर फक्त ऐकायचं. डोळ्यांत पाणी आलं तर वही मिटायची, पाणी आणून द्यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर समोर ठेवून, विचारून.

प्रश्न घराबद्दल विचारू द्या. 'आजी, तेव्हाचं घर कसं होतं? भिंत किती जाड होती? वर काय होतं?' लोक भरभरून बोलतात : दगड-मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडावर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारेगार. हेच घर पडलं तेव्हा जीवघेणं का ठरलं, ते त्याच बोलण्यातून मुलांना समजतं आणि विज्ञानाच्या पुस्तकाशी जोडता येतं.

आठवणही तपासता येते, हे इथेच दाखवा. बहुतेक जण सांगतात, 'गणपती विसर्जन करून आलो होतो, थकून झोपलो होतो.' 1993 चं पंचांग किंवा दिनदर्शिका शोधायला लावा : अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला होती. आजीला इंग्रजी तारीख आठवत नसली तरी तिची आठवण तारखेइतकीच नेमकी निघाली. वेळ, अंतर, आकडे यांत मात्र आठवण घसरते, आणि तीस वर्षांत ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळतं. एकाच गल्लीतल्या दोन घरांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं.

पायरी 7 : मोबाइलवर आलेलं

फोटोंपासून सुरुवात करा. किल्लारीचे म्हणून फिरणारे काही फोटो दुसऱ्याच भूकंपांचे असतात. गूगल लेन्समध्ये फोटो टाकून तो आधी कुठे छापला गेला ते शोधायचं, आणि फोटोतली घरं, पाट्यांवरची लिपी, कपडे नीट बघायचे. वीस मिनिटांत मुलं यात तरबेज होतात.

'उद्या भूकंप होणार' असे व्हॉट्सॲप संदेश दर वर्षी येतात. जगातली कुठलीही संस्था आज भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगू शकत नाही, एवढं एक वाक्य मुलांच्या हाती द्या. झालेल्या भूकंपाची खात्री करायला राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं संकेतस्थळ पुरेसं आहे.

चॅटबॉट वापरू नका म्हणून सांगून उपयोग नाही, मुलं वापरणारच. म्हणून वर्गातच वापरा. त्याच्याकडून किल्लारीवर पंधरा ओळी लिहून घ्या, छापा, आणि प्रत्येक गटाला तीन-तीन ओळी तपासायला द्या. प्रत्येक विधानाला तक्त्यातला एखादा स्रोत जोडता आला पाहिजे. तो पुस्तकाचं किंवा अहवालाचं नाव देत असेल तर तसं पुस्तक खरंच आहे का, तेही पाहायचं. ओघवतं मराठी आणि खरी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना स्वतः पडताळून कळायला हवं.

पायरी 8 : टिपण आणि श्रेय

एका विधानाला एक चिठ्ठी. वर विधान स्वतःच्या शब्दांत, खाली ते कुठून घेतलं. पुस्तक असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पान. संकेतस्थळ असेल तर संस्थेचं नाव आणि कुठल्या दिवशी पाहिलं. माणूस असेल तर गाव, अंदाजे वय आणि परवानगी असेल तरच नाव. नुसतं 'गूगल' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं चालणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाका.

स्वतःच्या शब्दांत लिहिणं जमत नाही अशी तक्रार प्रत्येक वर्गात येते. उपाय साधा आहे : उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारच्या मुलाला तोंडी सांगायचं, आणि त्याला जे कळलं ते लिहायचं. जसंच्या तसं घ्यावंसं वाटलं तर अवतरणचिन्हात, पान क्रमांकासह.

पायरी 9 : मांडणी आणि गुण

सजावटीला गुण ठेवू नका. मी गुण साधारण असे वाटेन : निम्मे तफावतीच्या तक्त्याला, बाकीच्यातले बरेचसे स्रोत नीट नोंदवण्याला, उरलेले मांडणीला. 'आम्हाला हे सापडलं नाही' असं लिहून कुठे-कुठे शोधलं ते सांगणाऱ्या गटाचे गुण कापू नका. उलट त्यांना वर्गासमोर बोलवा.

मांडणीच्या दिवशी ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या आजी-आजोबांना शाळेत बोलवा, आणि त्यांच्या बोलण्यातलं काय वापरलं ते आधी त्यांना वाचून दाखवा. एखादं वाक्य त्यांना नको असेल तर काढा.

पूर्ण झालेल्या फाइली शाळेच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा. पुढच्या तुकडीला पहिलं काम हेच द्या : मागच्या फाइलीतली कुठलीही तीन विधानं निवडा, दिलेल्या स्रोतापर्यंत जा, आणि ती तिथे तशीच आहेत का ते पाहा. ज्याचा स्रोत सापडणार नाही त्या विधानाशेजारी पेन्सिलने खूण करा आणि लिहिणारा मुलगा वा मुलगी दहावीत असेल तर मधल्या सुट्टीत जाऊन त्यांना विचारा.